इथं वारा नाही

१७ नोव्हेंबर, शनिवार

प्रतिक्षा, ही वही तुझ्या हाती पडेल तोवर मी कोण हेच तू विसरलेली असशील, म्हणून आधी ओळख करून देते. मी मंगलाबाई, तुझ्या बापाची माय. दिवाळीत चार दिवस आली होतीस. जाताना चष्मा खिडकीत, फोनची दोरी भिंतीला, चिवड्याचा डबा दारात आणि एक चप्पल बाजेखाली ठेवून नागपूरला गेलीस. एका चपलेनं बसमध्ये कशी चढलीस, हे मला अजून कळलं नाही. तिथं नर्सचं शिकतेस म्हणे. रोग्याला टोचलेली सुई तेवढी आठवणीनं काढत जा बाई.

तू म्हणालीस, आजी, गावात पवनचक्कीचं जे जे होईल ते लिहून ठेव. मला लिहिता येत नाही, हेही विसरलीस. म्हणून मी बोलते आणि तुझी आई लिहिते. अंगणवाडीची रजिस्टरं लिहून लिहून रत्नमालाचा हात साफ झाला आहे. मी ‘मले’ म्हणते, ती ‘मला’ लिहिते. मी शिवी दिली की तिचा पेन थांबतो. शिव्या तू तुझ्या मनानं भरून घे.

तर ऐक. आपल्या टोलीमागची, म्हणजे वस्तीमागची टेकडी, जिच्यावरून आंबागडचा किल्ला दिसतो, तिच्यावर कंपनीला पवनचक्क्या उभ्या करायच्या आहेत. टेकडीची जमीन शेजारच्या कौशल्याबाईच्या इश्वरची. त्यानं ती खुशाल द्यावी. भांडण टेकडीचं नाहीच, भांडण वाटेचं आहे. चक्कीचं एक पातं म्हणे तीन ट्रकांएवढं लांब. ती गाडी आपल्या वळणावर वळत नाही. म्हणून बोडीची पाळ फोडायची, बोडीत मुरूम भरायचा आणि वरून सडक काढायची. बोडी म्हणजे ते लहान तळं, ज्यात तू पोहायला शिकलीस. नळाचं पाणी पिऊन विसरली असशील. तिच्याच पाण्यावर आपल्या चार बांध्यांचं धान पिकतं. बोडी गेली की तुझ्या अंकुशकाकानं काय नांगरायचं, माझं डोकं?

ही पाळ तुझा आजा चिंधू आणि कौशल्याचा नवरा, दोघांनी मिळून एका उन्हाळ्यात बांधली होती. इश्वर म्हणतो, माझी अर्धी मी फोडणार. मी त्याला विचारलं, “अर्धी पाळ फोडून अर्धं पाणी ठेवतोस का गा?”

त्याला हसू आलं नाही. आजकाल त्याला येत नाही.

२१ नोव्हेंबर, बुधवार

आज ग्रामसभा झाली. पंचायतीपुढे मांडव, लाल खुर्च्या, मध्ये भैय्याजी. भैय्याजी म्हणजे कंपनीचा इथला माणूस, जमिनी गोळा करणारा. डोक्याला तेल एवढं की माशी बसली तर घसरून पडेल. तो म्हणाला, टेकडीवर आमचा खांब वर्षभर उभा आहे, त्यानं वारा मोजला, इथं उत्तम वारा आहे.

मी उठले. प्रतिक्षा, या गावात खळ्यावर धान उडवायच्या आधी लोक मला विचारायला येतात. टोपली उंच धरून धान सोडलं की खाली दाणा पडतो आणि फोल वारा घेऊन जातो, पण वारा आला पाहिजे. तो कधी येईल, कुठून येईल, हे मी गालाला लागलेल्या हवेवरून सांगते. आजवर चुकले नाही.

“भैय्याजी,” मी म्हटलं, “इथं वारा नाही. पन्नास वरसं मी खळ्यावर वाऱ्याची वाट पाहून राहिली. तुमी खांबाले इचारलं, मले काहून नाही इचारलं? तो माह्यापेक्षा उंच हाये म्हणून?”

सगळा मांडव हसला. इश्वर उठला. “मंगलामाय, तू बस. तुले काय समजते मशीनीतलं?”

“मले नाही समजत गा, तुलेच समजते. पतंग उडवाले गेलता त वारा नाही म्हणून उलटा पळत सुटला, अन् बोडीत पडला. मीनं चड्डीले धरून काढलं. चड्डी आली हातात, तू राहिला पाण्यात!”

बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. कौशल्याही हसली. अंकुश तर मांड्या थोपटून हसला. मग एक लाल खुर्ची उडत आली आणि अंकुशच्या तोंडावर फुटली. भुवई उभी फाटली, आतलं पांढरं दिसलं. पुढचं मी नीट पाहिलं नाही, कारण माझ्या अंगावर दोन माणसं पडली होती. कोणी कोणाचे केस धरले होते, कोणी मांडवाचा बांबू उपटला होता. भैय्याजी टेबलाखाली शिरला. अंकुशनं इश्वरचं डोकं पंचायतीच्या पायरीवर दोनदा आपटलं, तेव्हा कुठं लोकांनी सोडवलं.

अंकुशला सहा टाके. इश्वरचे पुढचे दोन दात गेले. खुर्ची येईपर्यंत सभा चांगली चालली होती.

२८ नोव्हेंबर

सकाळी चहा पिताना मी अंकुशला नुसतं म्हटलं, “खांब अजून उभाच हाये का गा? मले वाटलं, तुमी गडी लोकांनी पाडला असन.” गमतीनं म्हटलं. त्याचा दोस्त तेजराम बसला होता, तोही हसला.

दोघं चहाचे कप ठेवून उठले आणि टेकडीवर गेले. खांबाला चारी बाजूंनी तारांचे ताण आहेत. अंकुश करवतीनं एक ताण कापू लागला. तेजराम जवळ उभा राहून वाट कोणी येते का पाहत होता. तार तुटली आणि सरळ जमिनीवर पडायची सोडून गोल फिरली. तेजरामचा डावा कान घेऊन गेली. गवतात शोधला, सापडला नाही. गालाची कातडी पण सोलली आहे, हाड दिसते. गमछ्यात डोकं बांधून आणलं तर गमछ्यातून टपटप गळत होतं, माझ्या अंगणात ओळ पडली. रत्नमालानं शेण टाकून सारवलं.

खांब वाकडा झाला, पडला नाही.

तेजरामच्या बायकोनं, सुशीलाबाईनं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, एक कान आहे ना बाई, तुझं अर्धं तरी ऐकेल. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. ती उठून गेली.

२ डिसेंबर

तुमसरच्या बाजारात चौघांनी अंकुशला धरलं. आपल्या गावचे नव्हते, भैय्याजीनं कुठून तरी आणलेले. भाजीच्या ओळीत पाडून लाथांनी मारलं. त्याची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत पेटवली. दोन फासळ्या गेल्या. लघवीत रक्त येते.

त्यानं उलटून एकही हात उगारला नाही. मी विचारलं, काहून? म्हणाला, “माय, चार होते.”

मी म्हटलं, “चार असो का चाळीस. माह्या पोटी गार भात जन्मला.”

शेजारी बिड्या वळत बसलेल्या बायकांनी ऐकलं. दुपारपर्यंत टोलीभर झालं. पोरंही आता अंकुश दिसला की गार भात म्हणतात. म्हणू दे. तेवढं लागलं तर अंगात ऊब येईल.

रत्नमाला म्हणते, आत्याबाई, हे लिहू नका. मी म्हटलं, लिही. लपवून काय करू, मी कुठं मंत्री आहे?

६ डिसेंबर, गुरुवार

बाबासाहेबांचा दिवस. पांढरं लुगडं नेसून विहारात गेले, मेणबत्ती लावली. येताना बोडीवर कौशल्या भेटली. कपडे धूत होती. आम्ही दोघी एकाच साली या गावात लग्न होऊन आलो. ती तिकडल्या दगडावर, मी इकडल्या. भांडण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा बोललो.

“गुडघा कसा हाये वं?” तिनं विचारलं.

“हाये जागेवर. तुया पोराचे दात कसे हाये?”

“ते नाही जागेवर.” थोडी हसली. मग हातातलं लुगडं पाण्यात तसंच सोडून म्हणाली, “मंगला, एक सांगू? तुयं तोंड आवर. तू बोलते, हसून मोकळी होते, घरी जाऊन झोपते. तुये बोल या पोट्ट्याइच्या डोक्यात बसून राहते. इश्वर रातभर दात खात बसते. म्हणते, मंगलामायनं सभेत माही चड्डी काढली.”

“त खरंच काढली होती ना.”

“मी इश्वरले सांगीन पाळीचं,” ती म्हणाली. “थांब म्हणीन. तू तुयावाल्याले सांग.”

मी हो म्हटलं. सांगीन, फासळ्या बऱ्या झाल्या की सांगीन. आताच सांगितलं तर तो म्हणेल, माय भेली.

११ डिसेंबर, मंगळवार

दुपार. जेवायला घरी आले आहे, भात शिजेपर्यंत लिहवून घेते.

धान कापून झालं. भारे आणून खालच्या बांधीत पुंजणं रचलं. एवढं उंच पुंजणं दहा वर्षांत झालं नव्हतं. वर्षभराचं खाणं एकाच राशीत उभं आहे. पुढच्या आठवड्यात चुरणा, म्हणजे मळणी. मोकाट ढोरं तोंड घालतात, म्हणून दिवसा मी राखण बसते. सकाळी हाडं गोठतात, तर घमेल्यात गोवऱ्यांचा इंगळ नेते आणि पुंजण्याला पाठ टेकून पाय शेकत बसते. राणीसारखं वाटते. आज एका गोऱ्ह्याला काठी मारली, तो इश्वरचाच होता, जरा जोरात मारली.

घमेलं तिथंच ठेवून आले. डोक्यावर कोण वागवील? तासाभरात परत जायचंच आहे. अर्धी गोवरी अजून धुमसत होती. वारा म्हणशील तर सुताचा धागा हलत नव्हता.

थांब. बाहेर कोणी ओरडून राहिलं.

त्याच दिवशी, दिवस मावळताना

पुंजणं जळालं.

मी पोचले तेव्हा जाळ ताडाएवढा होता. खालून वर असा सणसण वारा सुटला होता, या दिवसांत कधी सुटत नाही तसा. माणूस जवळ जाईना. धानाचे दाणे लाह्यांसारखे फुटून उडत होते. अंकुश आत शिरला, भारे ओढू लागला, त्याला तिघांनी पाय धरून बाहेर ओढलं. तो ओरडत नव्हता. ढोराला कापताना घशातून येतो तसा आवाज येत होता. त्याच्या हाताची कातडी मनगटाशी गोळा झाली आहे.

तेजराम म्हणाला, मी लांबून इश्वरला पुंजण्याकडून येताना पाहिलं. दोन्ही हात काळे, अंगात बनियन नाही.

आता आणखी काय पाहिजे?

रत्नमाला लिहिता लिहिता थांबली. “आत्याबाई, ते घमेलं...”

घमेलं गेलं जळून. वर्षाचं धान गेलं आणि ही घमेल्याचं विचारते! नवं आणू.

१२ डिसेंबर

इश्वरच्या दोन्ही हातांना फोड आले आहेत. मेडिकलमधून मलम नेलं, दुकानदारानं सांगितलं. आग लावायलाही अक्कल लागते. स्वतःचे हात भाजून घेतले.

अंकुश सकाळपासून राखेत बसून आहे. जेवत नाही. मी ताट घेऊन गेले आणि म्हटलं, “घे, गार झाला. तुयासारखाच.”

त्यानं ताट कोपरानं बाजूला सारलं. मी म्हटलं, “तुया बापाच्या पुंजण्याले कोणी बोट नसतं लावलं. लावलं असतं, त ते बोट घरी नसतं गेलं.”

बोलू नये असं मला एकदा वाटलं. कौशल्याचं बोलणंही आठवलं. पण राख अजून गरम होती आणि तिचा वास भाजलेल्या लाह्यांचा येत होता. राग आला.

१४ डिसेंबर, शुक्रवार

आज पाळ फुटली.

जेसीबी नऊ वाजता आला. पुढे इश्वर, हातांना चिंध्या बांधलेल्या. मागे भैय्याजीचे चौघे काठ्या घेऊन. आमच्याकडून बारा-पंधरा जण. बायका आम्ही पाळीवर जाऊन बसलो. मशीननं आमच्यापासून दहा हातांवर दात घातला. एका घासात माती, दुसऱ्या घासात दगड, चौथ्या घासात पाणी. चिंधूनं उन्हाळाभर वाहिलेली माती चार घासांत गेली. पाणी फुटलं ते गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं. मासोळ्या चिखलात उड्या मारू लागल्या.

मग सगळे भिडले. सुशीलाबाईनं ड्रायव्हरच्या काचेवर दगड घातला. तेजरामला एका काठीनं गुडघ्यावर बसवलं, दुसरीनं पाठीवर. एकाचं बोट दुसऱ्याच्या दातांत गेलं आणि तुटूनच बाहेर आलं. चिखलात कोण आपला, कोण परका कळत नव्हतं. नुसते आवाज, ओल्या गोणीवर बडवल्यासारखे.

अंकुशच्या भाजलेल्या, फडकं गुंडाळलेल्या हातात बंडीची उभारी होती, बैलबंडीच्या बाजूला खोचतात तो सागाचा दांडा. तो आणि इश्वर समोरासमोर आले. इश्वरच्या हातात काही नव्हतं. चिंध्या बांधलेले दोन्ही हात त्यानं वर केले होते. “ऐक ना गा अंकुश,” असं काही तरी म्हणत होता.

अंकुश थांबला. फासळ्या दुखत असतील, दम लागला असेल. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी ओरडले, “गार भात!”

त्यानं उभारी घातली. पहिली खांद्यावर, दुसरी कानाच्या वर. तिसरी घातली तेव्हा इश्वर खाली होता. चौथीही घातली.

भंडाऱ्याला नेलं आहे इश्वरला. टाके पडतील. पडू दे. त्याला कळलं असेल आता.

१५ डिसेंबर

इश्वर गेला. गाडीतच गेला म्हणतात. दवाखान्यात नेऊन नुसतं लिहून आणलं.

अंकुशला पोलिसांनी धरलं. तो पळाला नव्हता, फुटलेल्या पाळीवर बसला होता. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

आज आणखी काही लिहू नको.

१७ डिसेंबर, सोमवार

कंपनीनं मशीन नेली. भैय्याजीचा फोन बंद आहे. बोडीत चिखल आहे आणि कुत्री मासोळ्या खात आहेत.

तुझा बाप विनोद तुमसरहून वकील घेऊन आला. वकील म्हणाला, आजी, पोराच्या बाजूनं एकच गोष्ट आहे. समोरच्यानं वर्षाचं धान जाळलं, त्या रागात हात उठला. हेच धरून ठेवा. उद्या पोलीस तुमचा जबाब घेतील. पुंजण्यावरून किती वाजता निघालात, कोणाला पाहिलंत, ठासून सांगा.

वकील गेल्यावर मी आठवू लागले. किती वाजता निघाले? कोणतं लुगडं होतं? काही आठवेना. एवढा जाळ पाहिला की मागचं पुसून जाते. म्हटलं, रत्नमाला, त्या दिवशीचं वाच.

ती म्हणाली, “नको, आत्याबाई.”

“नको काहून? तुयाच हाताचं हाये. वाच.”

तिनं वाचलं. मला वाटलं, दुसऱ्या कोणत्या म्हातारीचं वाचून राहिली. ती म्हातारी पुंजण्याला पाठ टेकून पाय शेकत होती. तिला राणीसारखं वाटत होतं. अर्धी गोवरी धुमसत होती. वारा नव्हता.

“तुले त्याच दिवशी समजलं होतं?” मी विचारलं.

“हो.”

“काहून नाही बोलली?”

“बोलली होती. तुमी म्हणाल्या, नवं आणू.”

१८ डिसेंबर

पोलिसांना सांगितलं, डोकं दुखते, दोन दिवसांनी या.

विनोद म्हणतो, ते पान फाड आणि चुलीत घाल. आई, इश्वर तर येत नाही, अंकुश तरी येईल. रत्नमाला म्हणते, मी फाडणार नाही, तुम्ही म्हणाल तर तुमच्या हातात देईन. मी पान हातात घेऊन बसले. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. कुठं घमेलं लिहिलं असेल, कुठं वारा, बोट फिरवून पाहिलं. सगळं सारखंच लागते.

इश्वरनं नाही केलं, एवढं मला आणि रत्नमालाला ठाऊक आहे. कौशल्याला ठाऊक नाही. गाव म्हणते, पुंजणं जाळणाऱ्याला मिळालं तेच मिळायचं होतं. काल नळावर बायका तेच बोलत होत्या आणि मला पाहून आणखी मोठ्यानं बोलल्या, मला बरं वाटावं म्हणून.

मी गप्प राहिले तर अंकुश लवकर सुटेल. आणि इश्वर आगलाव्या म्हणून मेलेला राहील. हे दोन्ही मी आज दिवसभर या हातातून त्या हातात घेत राहिले.

चौथा घाव त्यानं का घातला? तिसऱ्यावर थांबला असता. माझं ओरडणं पुरून उरलं असेल.

२० डिसेंबर, गुरुवार

हे रत्नमाला मी सांगते तसं, काही न गाळता लिहीत आहे. माझा उजवा हात फळीला बांधला आहे.

सकाळी पोलीस यायच्या आधी मी रत्नमालाला घेऊन कौशल्याच्या अंगणात गेले. चार बायका बसल्या होत्या. इश्वरची बायको रीता भिंतीला टेकून होती, डोळे उघडे, कुठंच पाहत नव्हती. मला पाहून कोणी तरी शिवी दिली. कौशल्या म्हणाली, बोलू द्या.

मला बोलता आलं नाही. प्रतिक्षा, तुझ्या आजीला बोलता आलं नाही, हे दोनदा वाच. मी रत्नमालाला म्हटलं, तू वाच. तिनं उभं राहून वाचलं, घमेल्यापासून वाऱ्यापर्यंत.

रीता भिंतीशीच बोलली. “ते इझवाले गेलते. बनियन बोडीत ओलं करून मारून राहिले होते जाळावर. मी सांगत होती सगळ्याइले. कोणी आयकलं नाही.”

कौशल्या उठली. कोपऱ्यात कांडायचं मुसळ होतं, ते तिनं उचललं. मी हात वर केला नसता तर डोक्यावर बसलं असतं. मनगटाचं हाड वाजलेलं मी ऐकलं. दुसऱ्यांदा तिनं मुसळ खांद्यावर घातलं, तिसऱ्यांदा उचललं आणि तसंच धरून राहिली. आम्ही दोघी सत्तरच्या वर आहोत, मारायला आणि मार खायला दम लागतो.

“मंगला,” ती म्हणाली, “माह्या घरी सहा दिवस झाले, चूल नाही. शेजारपाजारचे आणून राहिले. आता बंद करते त्याइचं. तू आणशीन.”

“मी?”

“तू. पन्नास वरसं मीनं तुया घरचं शिजलेलं तोंडात नाही घातलं. तुया आंगणात बसली, हसली, कच्चे दाणे नेले, पण भाताचं शीत नाही खाल्लं. तुले माहीत होतं, तू इचारलं नाही, मी सांगतलं नाही. आता खाईन. तुयाच घरचं, रोज, दोन्ही टाइम. मी मरेपर्यंत. घास मी गिळीन अन् तू पाहत बसशीन.”

बायकांत कोणी तरी म्हणालं, काकू, असं कसं, तुमच्याकडे सुतक आहे, लोक काय म्हणतील. कौशल्या त्यांच्यावर मुसळ घेऊन धावली.

नंतर ठाण्यात गेले. जमादारानं जबाब लिहून वाचून दाखवला. उजवा अंगठा फळीत होता, म्हणून डावा लावला. तो म्हणाला, आजी, यानं तुमच्याच पोराचं नुकसान होते, समजते ना? मी म्हटलं, समजते. विनोद दाराशी उभा होता. तो निघून गेला, तुमसरची बस पकडली. तुला फोन केला असेल. त्यानं माझ्याबद्दल जे सांगितलं ते खरं धर.

अंकुशला ठाण्यातूनच कळवलं असेल. जेलात घरचा डबा चालत नाही म्हणतात. चालला असता तरी त्यानं माझ्या हातचा खाल्ला असता का, हे मला सांगता येत नाही.

२१ डिसेंबर, शुक्रवार

रत्नमाला, हे लिही आणि लगेच उठ, उन्हं वर आली.

तांदूळ मडक्यातला मागच्या सालचा घे. पाणी दोन बोटं जास्त टाक, कौशल्याला दाढा नाहीत. वरण तुरीचं, पातळ, हळद-मीठ घालून नुसतं घोटायचं. फोडणी देऊ नको, मरणाच्या घरी फोडणीचा वास नेत नाहीत. रीता सात दिवसांत जेवली नाही, तिच्या पोटाला भात झेपणार नाही, तिच्यासाठी कण्यांची पेज वेगळ्या गंजात, लहान पातेल्यात ने आणि मीठ पुडीत बांध, तिचं ती घालून घेईल. मागच्या गल्लीतून जाऊ नको, विहारासमोरून, पंचायतीसमोरून जा. डबा दारात ठेवून परत फिरू नको, ती वाढून घेईपर्यंत उभी राहा. फेकलं तर भांडी वेचून आण. संध्याकाळी लाखोळीची भाजी कर, तेल नको, मिरची नको, आणि भात पुन्हा तसाच, मऊ.